पासाकाल्या: खाली तेच चार सूर, वर मात्र सगळं जग

लेहरेवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी पाश्चात्त्य संगीतातला जाणकार वगैरे अजिबात नाही, स्टाफ नोटेशन (त्यांची पाच रेघांवरची स्वरलिपी) अजून रेघेवर बोट ठेवून वाचतो, तेव्हा चुका काढणाऱ्यांचं मनापासून स्वागत.

मी गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी एका तबल्याच्या क्लासमधे पेटीवर लेहरा धरतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तबला सोलो चालू असताना बाजूला एक इसम खाली मान घालून पेटीवर एका आवर्तनाची चाल वाजवत बसलेला असतो ना, तो मी. सोळा मात्रांची तीच ओळ, परत परत परत. पोरं पेशकार वाजवणार, कायदे वाजवणार, चक्रदार घेऊन धाडकन समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येणार आणि पालक टाळ्या वाजवणार, त्या सगळ्या वेळात मी आपला तीच ओळ. बायको म्हणते तुम्ही पेटी वाजवत नाही, पहारा देता.

तर दिवाळीत भाच्याने एक लिंक पाठवली, सोबत "मामा, तुझा युरोपातला पूर्वज". उघडलं तर एक बाई एकटीच उभी राहून व्हायोलिन वाजवतेय, साथीला कोणी नाही. पहिले चार सूर: वरचा सा, कोमल नी, कोमल ध, प. संपलं. मग परत तेच चार, पण आता त्यांच्यावर एक बारीकशी ओळ. मग परत तेच चार आणि वर जरा जास्त काहीतरी, असं करत करत नऊ-दहा मिनिटं. मी पेटी ओढली आणि व्हिडिओबरोबर नुसते ते चार सूर दाबत बसलो, शेवटपर्यंत. वर ती बाई काय काय करत होती, एकदा तर वाटलं की चार सूर सुटले, हरवले, आणि ऐकलं तर होते तिथेच, वरच्या गर्दीत लपलेले. मोजायला गेलो तर चाळिशीनंतर गडबडलो. नंतर वाचलं, ते चार सूर पासष्ट वेळा येतात.

संगीतकार हाइनरिश बीबर, साल्झबुर्गचा, साधारण १६७६ ची रचना. त्याच्या 'रोझरी सोनाटा' नावाच्या पंधरा सोनाट्यांच्या मागे शेवटी हा एक तुकडा जोडलाय, त्याचं नाव पासाकाल्या. मूळ हस्तलिखितात प्रत्येक सोनाट्याच्या डोक्यावर येशूच्या आणि मेरीच्या कथेतलं एकेक चित्र आहे आणि या शेवटच्यावर एक देवदूत, लहान मुलाचा हात धरून चाललेला. आता चार सूर म्हणजे देवदूत आणि वरचं सगळं बागडणं म्हणजे ते पोरगं असं मला वाटलं आणि खरं सांगतो, गळा दाटला. अकरा वर्षं मी स्वतःला वॉचमन समजत होतो.

मग वाचत सुटलो. पासाकाल्या म्हणजे थोडक्यात, खालच्या पट्टीत एक छोटी ओळ, बहुतेक वेळा चार किंवा आठ मापांची (माप म्हणजे त्यांच्या तालाचा एक कप्पा, बार), आणि ती पुन्हा पुन्हा येत राहणार, आणि तिच्या डोक्यावर दर वेळी नवीन काहीतरी. शब्द मुळात स्पॅनिश, पासार म्हणजे चालणं आणि काये म्हणजे रस्ता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गाण्याच्या दोन कडव्यांमधे गायक दम खातोय तोवर गिटारवाला जे झंकारत राहायचा, चार-पाच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) इकडून तिकडे, त्याला पासाकाये म्हणायचे. म्हणजे गाण्यातली भरताड हो! भजनात बुवा पाणी पितात तेव्हा पेटीवाला करतो ते. आणि त्या भरताडीतून पुढे बाखची भलीमोठी ऑर्गनची रचना तयार झाली हे मला भयंकर आवडलेलं आहे.

जाणकारांनी भर घालावी. कोणकोणते ऐकावेत? आणि माझं लेहऱ्याशी लावलेलं नातं बरोबर आहे का ओढूनताणून?

केतकी_पिवळी

मस्त धागा! वाचनखूण साठवली. शब्द मी आत्तापर्यंत पासाकाग्लिया असा वाचत होते, ग गिळायचा असतो हे आज कळलं. रीलवर ते एक पियानोचं पासाकाल्या सारखं येतं, पावसाच्या खिडकीवर, ते हेच का?

लेहरेवाला

नाही, ते वेगळं. ते मूळ हँडेलचं, त्याच्या हार्प्सिकॉर्डच्या सातव्या सुइटचा (सुइट म्हणजे छोट्या तुकड्यांची माळ) शेवटचा भाग, १७२० चं प्रकाशन. त्यावर १८९० च्या दशकात हालव्होर्सन नावाच्या नॉर्वेच्या व्हायोलिनवाल्याने व्हायोलिन आणि व्हायोलासाठी जुगलबंदी टाईप जोरदार प्रकरण केलं. तुम्ही ऐकता ते त्याचं कोणीतरी सोपं केलेलं पियानो व्हर्जन. चार मापांत आठ कॉर्ड, प्रत्येक कॉर्ड आधीच्या कॉर्डाच्या मध्यमावर उडी मारतो (फक्त एका ठिकाणी अपवाद), म्हणून ते सारखं पुढे घरंगळतंय असं वाटतं. छान आहे पण पावसाच्या खिडकीने त्याची वाट लावली.

नाना_स्पष्टवक्ते

म्हणजे एकच ओळ पासष्ट वेळा वाजवायची आणि त्याला महान कला म्हणायचं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत बँजोवाला हेच करतो. आणि हे सगळं आपल्याकडे हजारो वर्षांपासून आहेच, त्यांनी उचललं असणार. दिंडीत रस्त्याने चालत तेच भजन म्हणतात ते काय आहे मग? रस्त्याने चालणं, तुम्हीच लिहिलंय.

लेहरेवाला

नाना, या या, तुमचीच वाट बघत होतो. उचललं वगैरे नाही हो. स्पॅनिश गिटारवाले आणि इटालियन छापखाने, सरळ रस्ता आहे. १६०६ मधे इटलीत माँटेसार्दो नावाच्या माणसाने गिटारच्या पुस्तकात पासाकाल्याचे कॉर्ड छापलेत, मग फ्रेस्कोबाल्दीने १६२७ मधे कीबोर्डवर आणलं आणि १६३७ मधे तर त्यावर शंभर तुकड्यांची माळ केली. दिंडीचं म्हणाल तर रस्ता दोन्हीकडे आहे इतकंच साम्य.

मांडवी

देव बरें करूं, या विषयावर मराठीत कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मी गोव्यात चेलो वाजवतो, लग्नांत जास्त, कॉन्सर्टमधे कमी. माझी व्यथा ऐका. पाखेलबेलचा कॅनन. नवरी चर्चमधे शिरताना दहापैकी सात लग्नांत तोच. त्यात चेलोला आठ सूर आहेत, सा प ध ग म सा म प, आणि हे आठ सूर अठ्ठावीस वेळा. तीन व्हायोलिनवाले वर एकमेकांच्या मागे पळतात, खिदळतात, मी सा प ध ग. आणि नवरीचा झगा लांब असला, करवल्या सावकाश चालल्या तर अठ्ठावीसचे चाळीस होतात. एकदा फुलं टाकणारी लहान मुलगी वाटेतच बसकण मारून फुलं परत गोळा करायला लागली, पन्नास तरी झाले असतील, पुढचा व्हायोलिनवाला माझ्याकडे बघून हसतोय आणि मी त्याला डोळ्यांनी शिव्या घालतोय.

पण लेहरेवाले, तुम्ही म्हणता ते खरं आहे, माझ्या ओळीला कोणी ऐकत नाही पण मी अर्धा सेकंद थांबलो तर सगळे पडतात.

लेहरेवाला

मांडवी, बंधो!! हस्तांदोलन.

घुम्या

लेहऱ्याच्या तुलनेबद्दल जरा वाद घालतो, राग मानू नका. मी थोडं हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांचं शास्त्र) शिकलोय.

लेहरा हे घड्याळ आहे. तो तबल्याला सांगतो की तू आवर्तनात कुठे आहेस. तबल्याने काय वाजवावं हे लेहरा ठरवत नाही, तबल्याच्या बोलांना लेहऱ्याच्या सुरांशी काही देणंघेणं नाही, चाल चंद्रकंसमधे धरा नाहीतर किरवाणीत, कायदा तोच राहतो. पासाकाल्यात खालचा सूर नुसती जागा दाखवत नाही, तो वरच्याला बांधून टाकतो. खाली कोमल ध असताना वर काय चालेल आणि काय चावेल हे त्या ध ने ठरतं. म्हणजे घड्याळ नाही, जमीन. इंग्रजीत त्याला ग्राउंडच म्हणतात, ग्राउंड बेस. संगीतकाराची परीक्षा ही की जमीन तीच असताना त्याच सुरावर दर वेळी वेगळं घर कसं बांधतो. एकाच कोमल ध खाली ठेवून कधी शांत वाटेल कधी पोटात खड्डा पडेल.

दुसरं, थीम अँड व्हेरिएशन्स आणि पासाकाल्या यांत लोक गल्लत करतात. तुमच्याच भाषेत सांगायचं तर थीम अँड व्हेरिएशन्स म्हणजे कायदा: मूळ बोल घ्यायचे, त्यांचेच पलटे करायचे, मूळ वस्तूच उलटीपालटी होते. पासाकाल्यात मूळ वस्तू बहुतेक वेळ जशीच्या तशी, बदलतं ते तिच्या आजूबाजूचं.

लेहरेवाला

घुम्या, काय बोललात! राग कसला, मान्यच. घड्याळ आणि जमीन, हे मला लिहिताना सुचत नव्हतं. पण एक भांडण शिल्लक ठेवतो. तुम्ही म्हणता लेहरा तबल्याला काही सांगत नाही. धरून बघा एकदा. चांगला वाजवणारा असेल तर तो लेहऱ्याच्या वजनावर खेळतो, माझी ओळ ज्या मात्रेला उसासा सोडते तिथे तो मुद्दाम गप्प बसतो. हे लिहिलेलं नसतं कुठे.

समेवरची

मी कथकवाली. नाचताना लेहरा हाच आमचा प्राण, त्यामुळे माझं मत लेहरेवाल्यांकडे झुकतं घ्या.

पण मला वेगळं विचारायचंय, ऐकायचंय तर कुठून सुरू करू? बीबर ऐकला, सुंदर आहे पण पाचव्या मिनिटाला लक्ष उडालं. शब्द असलेलं काही आहे का?

लेहरेवाला

आहे की! हेन्री पर्सेलचा 'डायडो अँड एनियस' हा ऑपेरा, लंडन, १६८० चं दशक, १६८९ च्या सुमाराला चेल्सीतल्या मुलींच्या शाळेत झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आणि ती शाळा चालवणारा जोसायस प्रीस्ट स्वतः नाचाचा मास्तर, बघा तुमचाच माणूस. शेवटी राणी डायडो मरताना गाते तो विलाप. त्याला कोणी पासाकाल्या म्हणतं, कोणी नुसतं ग्राउंड, पण यंत्र तेच.

पेटी जवळ असेल तर हे वाजवा. वरचा सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. मग खालून वळसा घालून सा. दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत लागोपाठ! माझ्या गुरुजींनी हात पेटीवरून उचलून मांडीवर ठेवला असता. पण ती उतरण ऐका, एकेक पायरी अर्ध्या सुराची, माणूस भिंतीला धरून खाली बसतोय तशी. ही ओळ अकरा वेळा येते.

आणि आता तुमच्यासाठी खास गंमत. ही खालची ओळ पाच मापांची आहे. चार नाही, पाच. आणि राणीची वाक्यं त्या पाचात बसत नाहीत. खालची ओळ सा वर येऊन संपते, आपल्याला वाटतं आली सम, आता बाईपण इथे टेकणार, तर ती नेमकी तिथूनच पुढे जाते, आणि ती थांबते तेव्हा खालची ओळ अर्ध्या जिन्यात असते. दोघांची सम एकत्र पडतच नाही बराच वेळ. मी तिसऱ्यांदा ऐकताना फक्त खालची ओळ ऐकली, बाईकडे दुर्लक्ष केलं, तेव्हा कळलं की रडू कुठून येतं.

समेवरची

ऐकलं. आत्ता. ऑफिसात. चूक झाली, डोळे पुसत मीटिंगला गेले.

सम न गाठण्याचं बरोबर पकडलंत. आमच्याकडे असं कोणी केलं तर बाई चुकली म्हणतील, इथे त्याचाच विलाप केलाय.

घुम्या

ही उतरण, सा, कोमल नी, कोमल ध, प, हिला युरोपात विलापाचा बेसच म्हणतात. माँटेव्हेर्दीने १६३८ मधे छापलेल्या 'अप्सरेच्या विलापा'त मधल्या मुख्य भागात नेमके हेच चार सूर अखंड ठेवलेत, वर ती मुलगी सोडून गेलेल्या प्रियकराबद्दल गाते आणि तीन पुरुष बाजूला उभे राहून अरेरे बिचारी करतात. बीबरचे चार सूर तेच. फ्लामेंकोतही हीच उतरण आहे, तिथे मात्र रडणं नाही, ठसका आहे. सूर तेच, म्हणजे नुसत्या सुरांत रडणं नसतं, हे नानांसाठी.

नाना_स्पष्टवक्ते

मी आत्ता डायडो ऐकलं. ठीक आहे.

(बँजोवाल्याबद्दलचं मत कायम.)

तिरपागडा

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, नानांनी निराशा केली.

खरा प्रश्न: चाकोन आणि पासाकाल्या यात फरक काय? मी गिटार शिकतो, बाखची डी मायनरमधली चाकोन सगळे डोक्यावर घेतात, तीही अशीच फिरते ना?

घुम्या

सापाच्या बिळात हात घातलात. जुन्या शास्त्रकारांनी फरक लिहून ठेवलेत, एक म्हणतो चाकोन जलद आणि पासाकाल्या संथ, दुसरा नेमकं उलट लिहितो. कोणी म्हणतं पासाकाल्यात ओळ खालीच राहते आणि चाकोनमधे कॉर्डांची मालिका फिरते, ऐकायला पटतं पण बाखच ते पाळत नाही. सगळ्यात प्रामाणिक फ्रान्स्वा कुपराँ, त्याने १७२८ मधे व्हायोलसाठी (चेलोसारखं एक जुनं वाद्य) सुइट लिहिला आणि शेवटच्या तुकड्याला सरळ नाव दिलं 'पासाकाय किंवा चाकोन'. घ्या.

तुमची बाखची चाकोन १७२० च्या हस्तलिखितात आहे, दुसऱ्या पार्टिटाचा शेवट, एकटं व्हायोलिन, अडीचशेच्या वर मापं. ब्राह्म्सने ती पियानोवर फक्त डाव्या हातासाठी केली, म्हणजे व्हायोलिनवाल्याची अडचण पियानोवाल्यालाही सोसावी लागेल. गिटारवर वाजवणार असाल तर बोटांचा विमा काढा.

एल्बेकाठी

हॅम्बुर्गहून. इतका वेळ वाचत होतो, ऑर्गनचा विषय निघेल म्हणून थांबलो होतो.

लुबेक इथून ट्रेनने पाऊण तास. तिथल्या मारियेनकिर्ख या चर्चमधे बुक्स्टेहूडं १६६८ पासून १७०७ ला मरेपर्यंत ऑर्गनिस्ट होता. १७०५ च्या शेवटी वीस वर्षांचा बाख आर्नश्टाटहून त्याला ऐकायला निघाला, साधारण चारशे किलोमीटर, पायी. रजा घेतली चार आठवड्यांची आणि परतला जवळजवळ चार महिन्यांनी, चर्चच्या मंडळींनी चांगलाच जाब विचारला. 'रस्त्याने चालणं' असं नाव असलेला प्रकार शिकायला माणूस पायी गेला, आता हे मी जुळवतोय, पण बुक्स्टेहूडंची डी मायनरमधली पासाकाल्या आहे आणि ती आणि बाखची सी मायनरची, दोन्ही एकाच वहीत सापडतात, जी बाखच्या थोरल्या भावाने उतरवून ठेवली होती. भावाने लिहून ठेवलं नसतं तर, विचार करवत नाही.

बुक्स्टेहूडंचं काम बघा किती आखीव: सात सात फेऱ्यांचे चार भाग, एकूण अठ्ठावीस. पहिला भाग डी मायनर, मग खालची ओळच उचलून एफ मेजरमधे, मग ए मायनर, मग घरी. म्हणजे घुम्या यांची जमीन इथे सरकते.

मी गेल्या नोव्हेंबरात गेलो होतो. बुक्स्टेहूडं वाजवायचा ते ऑर्गन आता नाहीत, १९४२ च्या मार्चमधे पाम संडेच्या रात्री बॉम्बफेक झाली त्यात जळाले. मनोऱ्याच्या घंटा आगीत खाली कोसळल्या त्या तशाच ठेवल्यात, फरशीत रुतलेल्या, फुटलेल्या, भोवती कठडा. एक घंटा तर एका बाजूने चिरफाळून उघडी पडलीय, आतून हिरवट. कॅमेरा काढला होता, परत खिशात ठेवला.

लेहरेवाला

एल्बेकाठी, दंडवत.

बाखच्या सी मायनरचं थोडं माझ्याकडून, कारण तीच ओळ सध्या पेटीवर घोटतोय. सा, प ग, म प, ध म, प रे, ग नी, सा म, प, सा. ग आणि ध कोमल. पंधरा सूर, आठ मापं, तीनची लय, आणि सूर बघा कोणते लागलेत, सगळेच्या सगळे किरवाणीचे! शेवटचा सा एकदम खाली खर्जात. पहिल्यांदा ही ओळ एकटी येते, वर काहीच नाही, आणि ती हाताने नाही, पायाने वाजवायची. ऑर्गनवाल्याचे पाय दाखवणारा एखादा व्हिडिओ मुद्दाम शोधा, माणूस बाकावर बसल्या बसल्या अंधारात जिना उतरतोय असं दिसतं. ओळीचा पहिला अर्धा भाग बाखचा नाहीच, आंद्रे रेझाँ नावाच्या फ्रेंच ऑर्गनिस्टने १६८८ मधे छापलेल्या एका छोट्या तुकड्यातला आहे. मग त्यावर वीस फेऱ्या. मधेच अकराव्या-बाराव्या फेरीला ओळ पाय सोडून वर उजव्या हातात जाते, पाया छताला लागलेला, आणि नंतर हळूहळू परत खाली येते.

आणि वीस झाल्यावर दम न घेता त्याच ओळीच्या अर्ध्या भागावर फ्यूग, म्हणजे एकच ओळ वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात तो प्रकार. शेवटाकडे एका जागी कोमल रे चा कॉर्ड येतो, कुठूनही न सांगता, आणि सगळं थांबतं. खरोखर थांबतं. मी हेडफोन काढून बघितला होता की मोबाईल बंद पडला की काय. मग परत सुरू होतं आणि संपताना कोमल ग चा शुद्ध ग होतो.

आणि समेवरची, नाचाचं राहिलं. लुलीच्या १६८६ च्या 'आर्मीद' ऑपेरामधे शेवटच्या अंकात लांबलचक पासाकाय आहे, दरबारी नाचाची. आणि बाखची हीच सी मायनर रचना १९४६ मधे पॅरिसमधे रोलाँ पेटी नावाच्या नृत्यदिग्दर्शकाने बॅलेला घेतली, 'तरुण आणि मृत्यू'. सांगतात की तालमी दुसऱ्याच संगीतावर झाल्या आणि बाख अगदी शेवटी चढवला.

समेवरची

दुसऱ्याच संगीतावर तालमी!! आमच्या बाईंना हे सांगायला नको.

तिरपागडा

मग हे सगळं जुनंच का? नंतर कोणी लिहिलं नाही?

घुम्या

उलट विसाव्या शतकात सुगीच झाली. मधल्या काळात, मोत्झार्ट-बेटोव्हनच्या जमान्यात, ही फॅशन ओसरली होती. मग ब्राह्म्सने १८८५ मधे चौथ्या सिंफनीचा शेवटचा भाग असा केला, बाखच्या दीडशे क्रमांकाच्या कँटाटामधली ओळ घेऊन, तीत एक तीव्र मध्यम स्वतःचा घालून: सा, रे, कोमल ग, म, तीव्र म, प, प, सा. एका मापाला एक सूर. तीस फेऱ्या आणि वर कोडा (समारोपाचा तुकडा). ट्रोम्बोनवाले पहिले तीन भाग गप्प बसून असतात आणि इथे पहिल्यांदा तोंड उघडतात. नुसतं ऐकलं तर फेऱ्या कळतही नाहीत, वाटतं वादळ आहे, पण मोजायला बसलं तर दर आठ मापांनी कप्पा.

पुढच्यांचं कारण वेगळं होतं. जुनी हार्मनी, सा कुठे आहे याची खात्री, तीच सुटायला लागली. आता पायाखाली काही नाही म्हटल्यावर माणूस ठरावीक ओळ तरी धरून ठेवतो. वेबर्नची १९०८ ची पहिली नंबर टाकलेली कृती, ओपस वन, पासाकाल्याच. आल्बान बेर्गच्या 'व्होत्सेक' ऑपेरात, बर्लिन १९२५, एक डॉक्टर गरीब शिपायावर प्रयोग करतोय, त्याला पैसे देऊन रोज फक्त बीन्स खायला घालतोय आणि स्वतःच्या कीर्तीची स्वप्नं बघतोय. तो प्रवेश पासाकाल्या आहे, बारा सुरांची ओळ आणि एकवीस फेऱ्या. डॉक्टरच्या डोक्यात एकच किडा आणि ऑर्केस्ट्रातही तोच. बीबरकडे जो देवदूत आहे तो इथे सनकी डॉक्टर झालाय.

बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराच्या 'पीटर ग्राइम्स' ऑपेरात, १९४५, तालवाल्यांसाठी मेजवानी आहे. खालची ओळ अकरा मात्रांची आणि माप चारचं! त्यामुळे ओळ दर फेरीला वेगळ्या मात्रेवर सुरू होते. वर एकटा व्हायोला.

मांडवी

शोस्ताकोविच कुठे राहिला? पहिला व्हायोलिन कॉन्चेर्तो, तिसरा भाग. १९४८ ला लिहून झाला आणि तेव्हाच सोव्हिएत सरकारने त्याला जाहीर झोडपलेलं, त्यामुळे ड्रॉवरमधे पडून राहिला, लेनिनग्राडला १९५५ मधे ओइस्त्राखने वाजवला. सतरा मापांची ओळ, सुरुवातीला चेलो आणि डबल बेस. आमच्या लोकांना इतकी भारदस्त ओळ कोणी दिलेली नाही. मग हळूहळू एकेक वाद्य गळत जातं आणि शेवटी व्हायोलिन एकटं उरतं, खाली ओळ नाही, कोणी नाही, आणि तिथून लांबच लांब एकट्याचा भाग सुरू. मी एकदा हौशी ऑर्केस्ट्रात हे वाजवलंय. आपला भाग संपतो, धनुष्य मांडीवर ठेवतो आणि समोर तो एकटा. काही मिनिटं श्वास रोखून नुसतं बघायचं.

पाखेलबेलचं मी जे म्हणालो ते अर्धं मागे घेतो. अर्धंच.

केतकी_पिवळी

अवांतर: स्पेनमधे फिरायला गेले होते तेव्हा गावच्या जत्रेच्या पत्रकावर 'पासाकाये' लिहिलेलं होतं, सकाळी ११ ला. आम्ही गेलो तर बँडवाले गल्लीगल्लीतून वाजवत निघालेले, मागे पोरं. तोच शब्द ना?

लेहरेवाला

तोच! तिथे शब्दाने रस्ता सोडलेलाच नाही. इटलीत गेला तो घरात शिरला, चर्चमधे शिरला, ऑपेरात शिरला, स्पेनमधे आणि तिकडे इक्वेडोर-पेरूमधे अजून बँडवाल्यांबरोबर चालतोय. नाना, तुमचा बँजोवाला शब्दाच्या मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे असं म्हणावं लागेल.

नाना_स्पष्टवक्ते

नोंद घेतली आहे.

लेहरेवाला

धागा वर काढतोय, क्षमस्व, पण हे सांगितल्याशिवाय राहवेना.

काल क्लासमधे गुरुजी जरा उशिरा येणार होते. नववीतला एक मुलगा आहे, हात चांगला पण डोकं कायम पुढच्या तिहाईत. त्याला म्हटलं बस, पेशकार सुरू कर, विलंबित तीनताल. आणि नेहमीच्या चालीऐवजी बीबरचे चार सूर धरले, एकेक सूर चार मात्रा. सा चार, कोमल नी चार, कोमल ध चार, प चार. सोळा बसले की!

पोरगं गोंधळलं. नेहमीच्या लेहऱ्यात वळणं असतात, खाली उतरून समेकडे चढण असते, त्यावरून त्याला कळतं कुठे आहोत. इथे नुसती उतरण, आणि प वरून सम येणार ती एकदम वरच्या सा वर उडी. पहिल्या तीन फेऱ्या चुकला. चौथ्यात त्याने वाजवणं कमी केलं, नुसता ठेका धरला आणि माझ्या भात्याकडे बघायला लागला. अकरा वर्षांत भात्याकडे कोणी बघितलं नव्हतं. मग त्याने कोमल ध च्या चार मात्रा पूर्ण मोकळ्या सोडल्या, फक्त डग्ग्यावर हलकी घासट, आणि प वर उठान घेऊन समेवर आला. मी काही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात गुरुजी दारात. चप्पल काढता काढता म्हणाले, हा कुठला लेहरा? मी म्हटलं साल्झबुर्ग घराणं. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले, मग म्हणाले, "लय जरा खाली घे, पळतोयस."

खरंच पळत होतो.